वॉरंटसाहेबांना फक्त तोंड हवं होतं

आमच्या मार्केटात त्यांना सगळे वॉरंटसाहेब म्हणायचे. पंजाबी दुकानदार 'वारंट साब' म्हणायचे. एअर फोर्समध्ये जन्मभर विमानांच्या रेडिओचं काम केलं, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, आणि गाव सातारा जिल्ह्यात असूनही चंदीगडलाच राहिले. का राहिलात विचारलं की म्हणायचे, "इथले रस्ते सरळ आहेत." मी बार्शीचा शिंपी. मेहुणा चंडीमंदिरला फौजेत होता, त्याच्या मागं आलो, वर्द्या शिवत शिवत इथं मार्केटात एक बूथ, म्हणजे छोटा गाळा, घेतला आणि राहिलो. मला कुणी विचारत नाही का राहिलास म्हणून.

माझं शिक्षण तिसरी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी चुका काढत बसायला नको. पण चाळीस वर्षांत माझ्या हातची कॉलर एकाही माणसाला टोचलेली नाही. शिकलेल्यांनी असं एखादं काम दाखवावं.

वॉरंटसाहेब पहिल्यांदा दुकानात आले ते कागद घेऊन. कागदावर शर्टाचं चित्र, त्याला बाण, बाणांवर आकडे. खिशाच्या शेजारी दुसरा एक चिंचोळा खिसा, स्क्रू-ड्रायव्हर ठेवायला, अर्ध्या इंचाला एक सूत कमी. मी कागद परत दिला.

"वाचता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

"येतं की. पण मी कागद बघून शिवत नाही, माणूस बघून शिवतो. उभे राहा."

"माप मी घेतलंय. पुन्हा कशाला?"

"मग शिवून पण तुम्हीच घ्या."

ते गेले. तीन आठवडे माझ्या बूथसमोरून सायकलवर जायचे, पण मान वळवायची नाही. चौथ्या आठवड्यात आले, कापड टेबलावर ठेवलं आणि कवायतीला उभं राहावं तसे उभे राहिले. मी माप घेतलं. त्या दिवसापासून ते मला 'मास्तर' म्हणायला लागले. इथं सगळेच टेलरला मास्टरजी म्हणतात, पण वॉरंटसाहेब म्हणायचे ते आपल्या मराठीतलं, शाळेतल्या मास्तरांना म्हणावं तसं. तिसरी झालेल्या माणसाला बरं वाटायचंच.

त्यांची सायकल बघण्यासारखी होती. हँडलला दोन्हीकडं ट्रकसारखे आरसे. चौक मोकळा असला, मैलभर माणूस नसलं, तरी वळताना हात बाहेर काढणार म्हणजे काढणार. मी एकदा म्हणलं, "साहेब, सायकलला आरसे कशाला?" म्हणाले, "शिस्त." बाकी काही नाही.

कुठलंही यंत्र दिसलं की हात शिवशिवायचे. माझ्या दुकानातली ट्यूब महिनाभर फडफडत होती. एक दिवस मी जेवून आलो तर साहेब माझ्या कटिंगच्या टेबलावर बुटासकट उभे. मी ओरडलो, खाली माझा पॅन्टपीस होता. ते शांतपणे म्हणाले, "बिघडलं नसेल त्याला हात लावायचा नाही. आणि बिघडलं असेल तर दुसऱ्याला लावू द्यायचा नाही." पॅन्टपीसवर बुटाचा ठसा उमटलेला. ट्यूब मात्र मी दुकान कायमचं बंद करीपर्यंत पुन्हा फडफडली नाही.

आणि त्यांचं ते 'ओव्हर'. रेडिओवर एकाचं बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं, असा नियम असतो म्हणे. हे भाजीवाल्याला सुद्धा म्हणायचे, "पालक ताज़ी है? ओव्हर." आणि त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायचे. तो पण बहाद्दर, "बिलकुल ताज़ी है जी, ओवर!" सगळं मार्केट हसायचं. साहेब हसायचे नाहीत. त्यांची नजर तोंडावर.

ते बहिरे होत चालले होते हे कुणालाच माहीत नव्हतं. मला कळलं ते माझ्या धंद्यामुळं. शिंपी माणसाच्या मागं उभा राहतो. पाठीचं माप घेता घेता मी विचारलं, "ढिला ठेवू का जरा?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. म्हणलं, आज काही बिनसलंय. पुढं येऊन विचारलं तर लगेच, "ढिला नको, बसता पाहिजे." मी पुन्हा मागं गेलो आणि हळूच म्हणलं, "साहेब, तुमच्या धोतराला आग लागली." पॅन्टीतला माणूस खांबासारखा उभा. तेव्हा मला ते आरसे कळले आणि ते ओव्हर पण कळलं.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही सांगितलं नाही की मला कळलंय. पुढच्या वेळेपासून पाठीचं माप घेताना गप्प राहायला लागलो, एवढंच.

इथल्या मराठी लोकांच्या गणपतीच्या मीटिंगला ते पहिल्या रांगेत बसायचे आणि प्रत्येक वाक्याला "बरोबर, बरोबर" म्हणायचे. बोलणारा खूश. त्या बरोबर-बरोबरमध्ये एका वर्षी त्यांचं नाव गाण्याच्या कार्यक्रमात पडलं. आयत्या वेळी निवेदकानं माइक हातात दिला. साहेबांनी माइककडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि अर्धा तास माइक आतून कसा असतो ते समजावून सांगितलं. मोठ्यांनी जांभया दिल्या. इथंच जन्मलेली पोरं, जी घरात मराठीला हिंदीतनं उत्तर देतात, ती पुढं सरकून बसली होती. शेवटी साहेबांनी "ओव्हर" म्हणून माइक परत दिला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

घरी वहिनी होत्या तोवर सगळं झाकलेलं होतं. मुलगी कॅनडाला. तिनं पंजाबी मुलाशी लग्न केलं, इथंच झालं, साहेब लग्नात एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे होते. मी बघितलंय, त्यांचा कोट मीच शिवलेला. जावयावरचा राग चार-सहा महिन्यांत उतरला, पण तसं तोंडानं सांगणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. मुलीचा फोन आला की वहिनी बोलायच्या आणि साहेबांकडं तोंड करून मोठ्यानं सांगायच्या, "ती म्हणतेय तिकडं बर्फ पडलाय!" साहेब म्हणायचे, "स्वेटर घाल म्हणावं." असं चालायचं.

मग वहिनी गेल्या. त्यानंतर फोन साहेबांनीच उचलायचा. "हॅलो" म्हणायचे, पलीकडं नुसती कुजबुज. थोडा वेळ "बरोबर, बरोबर" करायचे आणि "लाइन खराब आहे" म्हणून ठेवून द्यायचे. दोन वर्षं. एवढा रेडिओचा माणूस, फोन उघडून आवाज वाढवायला त्यांना किती वेळ लागला असता? पण फोन सरकारी. सरकारी यंत्र परवानगीशिवाय उघडायचं नाही.

हे सगळं मला कळलं ते पत्रामुळं. एका दुपारी ते दुकानात आले, स्टुलावर बसले आणि पत्र पुढं केलं. "वाचा मास्तर."

मुलीचं अक्षर वाकडंतिकडं होतं, आईनं शिकवलेलं मराठी. माझ्यासारख्यालाही वाचता आलं. लिहिलं होतं, 'बाबा, आई गेल्यापासून तुम्ही माझा फोन दोन मिनिटांत ठेवता. लाइन खराब नसते बाबा, मला तुमचा आवाज छान येतो. तुमचा राग गेला नाही हे मला कळलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता मार्केटच्या सायबर कॅफेत या, कॉम्प्युटरवर बोलू. नाही आलात तर मी पुन्हा फोन करून त्रास देणार नाही.'

मी पत्र घडी करून परत दिलं. म्हणलं, "लिहून टाका की. ऐकू येत नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की हातातली कात्री मी खाली ठेवली. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"कधीपासूनचं."

त्यांनी पत्र खिशात घातलं. मग म्हणाले, "लिहिणार नाही. रेडिओचा माणूस बहिरा झाला म्हणून लिहू? ती विमानानं येईल आणि बोचकं उचलावं तसं मला उचलून नेईल. मी तिच्याशी बोलणार. माझे हेडफोन आहेत."

ते हेडफोन मला माहीत होते. लष्करी भंगारातून आणलेले, काळे, कढईसारखे. त्याच्या गाद्या मीच रेक्झिनच्या शिवून दिल्या होत्या. एका साबणाच्या डबीत साहेबांनी आवाज वाढवायचं यंत्र बसवलेलं, वर रेडिओचं बटण. ते लावून त्यांना मुंगीचं चालणं ऐकू आलं असतं. टीव्हीच्या बातम्या ते तेवढ्यावर ऐकायचे. अडचण एकच. त्या हेडफोनला माइक नव्हता.

कॅफे आमच्याच मार्केटात, पहिल्या मजल्यावर. चालवणाऱ्या मॅडम पंजाबी, मोठ्या मनाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांनी आपला माइकवाला बारीक हेडफोन साहेबांच्या कानाला लावून बघितला. साहेबांना काही ऐकू आलं नाही. मग टेबलावरचा माइक लावला, तर त्यात सगळ्या कॅफेचा गलका. मॅडम म्हणाल्या, "अंकल जी, बढ़िया वाला नया हेडफोन ले लो, माइक साथ ही आता है."

साहेब म्हणाले, "कान मेरे पास हैं. मुझे सिर्फ मुँह चाहिए."

हे वाक्य पुढं आठ दिवस आम्ही शहरभर म्हणत फिरलो. सेक्टर बावीसच्या मार्केटात एकेक दुकान पालथं घातलं. पाहिजे होता एक छोटा माइक, चिमटा असलेला, आपल्या हेडफोनबरोबर चालेल असा. वस्तू साधी वाटते ना? कुणाकडं नाही. नव्या मालानं दुकानं ओसंडून चाललेली, पण सगळं जोडीनं, कानाला तोंड चिकटलेलं. एकानं गाण्याचा माइक दाखवला, मुसळाएवढा. दुसरा म्हणाला, "बाऊजी, सारी दुनिया नया ले रही है." साहेब म्हणाले, "दुनिया को लेने दो. ओव्हर." तिसऱ्यानं मोबाइलची वायर काढली. तिला मधोमध चिमट्याचा माइक! साहेबांचे डोळे चमकले.

"ये दो," ते म्हणाले, "कान काट के."

"क्या काट के?"

"ये दोनों कान काट दो. मुँह मैं ले जाता हूँ."

दुकानदारानं वायर छातीशी धरली. "पागल हो गए हो, बाऊजी? नया पीस है!" मी मधे पडलो, म्हणलं, साहेब, कान आपण घरी कापू. पण त्यांनी पिन निरखून बघितली आणि परत दिली. कॉम्प्युटरच्या भोकाला ती बारीक होती. बस धरून पिंजौरला एका भंगारवाल्याकडं पण जाऊन आलो. तिथं साहेबांना एक जुना व्होल्टमीटर आवडला आणि माइक राहिला बाजूला.

शनिवार उजाडला. दुपारी साहेब माझ्या स्टुलावर खांदे पाडून बसलेले. त्यांना असं मी वहिनींच्या वेळी सोडून कधी बघितलं नव्हतं. मला राग आला. खरंच आला. म्हणलं, "त्या दिवशी गणपतीत अर्धा तास पोरांना काय शिकवलं हो? माइक आतून बटणाएवढा असतो म्हणून? मग बटणाएवढी वस्तू तुमच्या घरातल्या त्या सतरा टेपरेकॉर्डरांत नाही?"

त्यांनी मान वर केली. "चिमटा नाही माझ्याकडं."

"चिमटा मी देतो. मी शिंपी आहे."

ते उठून सायकलवर बसले, आणि वळताना हात काढायला विसरले.

तासाभरात माझं कटिंगचं टेबल रेडिओचं दुकान झालं. जुन्या टेपरेकॉर्डरच्या पोटातनं काढलेला माइक, शर्टाच्या बटणाहून थोडा जाड. त्याला वायर, वायरीला पिन. साहेब डाग देत होते, कथलाचा वास सुटलेला, आणि मी शाळेच्या पोरांच्या खांद्यापट्ट्यांची, गॅलसची, एक क्लिप घेऊन माइक तिच्यात बसवून दोऱ्यानं बांधून काढला. श्वासाचा फुसफुस आवाज येऊ नये म्हणून त्यांना स्पंज हवा होता. कोटाच्या खांद्याचं पॅड मी उसवलं, आतल्या फोमची टोपी शिवून माइकला घातली. साहेबांनी फिरवून फिरवून बघितलं. "टाके एकसारखे आहेत," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडनं मिळालेलं ते सर्वात मोठं सर्टिफिकेट.

संध्याकाळी कॅफेत परीक्षा. मॅडम दुसऱ्या कॉम्प्युटरवर ऐकायला बसल्या. साहेबांनी माइक कॉलरला लावला तो आत, गळ्याला दाबून, अगदी घाटीवर.

"घर्र घर्र हो रही है, अंकल जी. जैसे ट्रैक्टर."

मी म्हणलं, "साहेब, तोंडाजवळ घ्या."

"मास्तर, विमानात माइक गळ्यालाच बांधतात. मी शेकडो पायलटांना बांधलाय."

"तो माइक वेगळा असेल."

"माइक कसा लावायचा ते तुम्ही मला शिकवणार?"

"कॉलरवर काय कुठं लावायचं ते मीच शिकवणार. पायलटांच्या कॉलरी मी शिवल्या नव्हत्या, तुमची शिवलीय."

मॅडम एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत. मराठी त्यांना कळत नव्हतं, भांडण कळत होतं. साहेब तिसऱ्यांदा गळ्याला लावून बोलले आणि तिसऱ्यांदा ट्रॅक्टर झाला. मी खिशातनं बक्रमची, कॉलरीत घालतात त्या कडक कापडाची, एक पट्टी काढली. दुपारीच शिवून ठेवली होती, आत तार घालून, वाकवू तशी वाकणारी. एक टोक हेडफोनच्या दांडीला अडकवायचं, दुसऱ्या टोकाला आपली क्लिप, म्हणजे माइक बरोबर ओठांपुढं. ती टेबलावर ठेवली आणि घरी निघून आलो. हेडफोनला मी हात लावला नाही. ज्याचं यंत्र त्यानं लावावं.

रविवारी सकाळी पावणेआठला कॅफेच्या जिन्यात साहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. डोक्यावर हेडफोन आधीच चढवलेला. दांडीला माझी पट्टी.  मॅडमनी रविवारचं लवकर दार उघडलं होतं, आत दुसरं कुणी नव्हतं.

आठला घंटी वाजली. साहेब म्हणाले, "हॅलो. बोल. ओव्हर."

आणि त्यांचं तोंड पडलं. आवाज येत-जात होता. कॉम्प्युटरच्या मागं साबणाच्या डबीची पिन जिथं जाते ते भोक झिजलेलं. मॅडम म्हणाल्या, "ये वाली हिलती है जी, दबा के रखनी पड़ती है." मी खाली वाकलो, टेबलाखाली गुडघे टेकले आणि पिन दोन बोटांत धरून दाबली. साहेबांनी डोळे मिटले. आला, आवाज आला.

मला तिचं काही ऐकू येत नव्हतं. साहेबांचं तेवढं येत होतं.

"हो... हो, जेवतो वेळेवर... नाही गं, राग कसला." मग खूप वेळ काहीच नाही. ते 'बरोबर, बरोबर' म्हणतात की काय म्हणून मी वर बघितलं. तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी नजर भिंतीकडं वळवली.

"बेबी," ते म्हणाले. आवाज हळू होता. इतक्या वर्षांत त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "लाइन खराब नव्हती. माझे कान गेलेत. तुझी आई सांगायची तेवढंच मला कळायचं. ती गेल्यापासून तू जे काही बोललीस, त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही."

पलीकडं काय झालं मला माहीत नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानाला घट्ट धरला. मग म्हणाले, "रडू नको. रडलेलं पण स्पष्ट ऐकू येतंय आता. मला उचलून न्यायला यायचं नाही, ते नंतर बघू. आधी एक काम कर. पहिल्या फोनपासून सगळं पुन्हा सांग. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुझा फोन आला होता, तिथनं सुरू कर. मला वेळ आहे."

तिनं सुरू केलं असावं, कारण साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले. मधेच हसले. मधेच "कधी? मग डॉक्टर काय म्हणाला?" असं विचारलं. एकदा म्हणाले, "जावयाला म्हणावं, हे त्यानं बरोबर केलं." त्यानंतर बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, साहेब ओव्हर म्हणायचं विसरले होते.

माझा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. मॅडम टेबलाखाली वाकून खुणेनं म्हणाल्या, मी धरते. मी मान हलवून नको म्हणलं. त्या जाऊन चहा घेऊन आल्या, आणि तो मी डाव्या हातानं घेतला.